आहेरात आलेली गिरणी

तारीख अकरा जानेवारी. रक्कम एकवीस हजार पाचशे, पण रोख नव्हे, वस्तूच्या रूपात. स्थळ केनवड, मास्तरांच्या घराचं अंगण. हजर चौघे: मास्तर, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या काकू, टेम्पोचा ड्रायव्हर, आणि वरच्या दोन खोल्यांचा भाडेकरू म्हणून मी.

टेम्पोतून एक खोकं उतरलं. त्यात घरगुती पिठाची गिरणी होती. मास्तरांनी ती विकत घेतली नव्हती. पुण्याच्या एका जाहिरात एजन्सीने ती एका कंपनीच्या वतीने पाठवली होती. मास्तरांनी ती वापरायची, आपल्या ब्लॉगवर तिच्यावर लेख लिहायचा, आणि गिरणी ठेवून घ्यायची, असं ठरलं होतं.

ड्रायव्हरने कागद पुढे केला. "सही मारा काका."

मास्तरांनी कागद वाचला. मग खोक्याभोवती एक फेरी मारून खोकं वाचलं.

"कागदावर किंमत एकोणीस हजार नऊशे. खोक्यावर एकवीस हजार पाचशे. खरी कोनती?"

"मले काय मालूम? मी टेम्पो चालवतो."

मी खुलासा केला. मी पतसंस्थेत हिशेबनीस असल्यामुळे असे खुलासे न विचारता करतो. व्यवसायाच्या कामासाठी वर्षात वीस हजारांवरची वस्तू कोणाला भेट दिली, की देणाऱ्याला तिच्यावर दहा टक्के कर बघावा लागतो. एजन्सीने म्हणून ती कागदावर विसाच्या खाली बसवली असावी.

मास्तरांचा चेहरा उजळला. "म्हंजे आहेर आननाऱ्यानंच पाकिटावरचा आकडा खोडला! भाऊ, दोन्ही किमती लिहाव्या लागतीन."

काकूंचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. त्या पदराने गिरणीचं झाकण पुसत होत्या. "चालू कवा होते हे?" एवढंच त्यांनी विचारलं.

मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले होते. गावाने मात्र त्यांना शाळेपेक्षा मांडवातच जास्त ऐकलं होतं. आमच्याकडे लग्नात मांडवाच्या एका कडेला टेबल लागतं. पाहुणे तिथे आहेर देतात, टेबलावरचा माणूस तो लिहून घेतो आणि माईकवरून जाहीर करतो: अमक्या गावचे अमके अमके यांच्याकडून रुपये एकशे एक. पंचक्रोशीत ते टेबल मास्तरांचं होतं. मांडव बुद्धविहारापुढे असो की पाटलांच्या शेतात, टेबलावर मास्तरच. त्यांचा आवाज खणखणीत, अक्षर वळणदार, आणि तिसरा गुण असा की समोर आलं ते जसंच्या तसं वाचायचे. "स्टीलचा डबा, एक. झाकण नाही." असं एकदा माईकवरून गेलं, तेव्हापासून केनवडात लोक डबा घेताना आधी झाकण बघतात.

माझ्या एका सहकाऱ्याच्या लग्नात मी टेबलाजवळच बसलो होतो. एक गृहस्थ वाकून म्हणाले, "मास्तर, माहं नाव नोका घेऊ. बायकोले न सांगता देऊन राह्यलो."

मास्तरांनी मान डोलावली, माईक तोंडाजवळ घेतला आणि जाहीर केलं, "एका गृहस्थाकडून, नाव न घेण्याच्या आणि बायकोला न सांगण्याच्या अटीवर, रुपये दोनशे."

मांडवात बायकांच्या बाजूला प्रत्येकीने मान वळवून आपापला नवरा शोधला.

मी हे त्यांना नंतर बोलून दाखवलं. ते म्हणाले, "नाव घेतलं का म्या? नाही ना? मंग?" त्यांचा नेम एकच होता आणि तो ते भाडं घेतानासुद्धा ऐकवायचे: "घेतलं तं सांगा. सांगाची लाज वाटत असीन तं घेऊ नोका." भाड्याची पावती मला दर महिन्याला मिळायची. एकदा आमच्याकडून वाटीभर साखर गेली, तर त्या महिन्याच्या पावतीच्या मागे "साखर एक वाटी जमा, परत करणे बाकी" असं लिहून आलं. साखर दुसऱ्या दिवशी आली. तिच्यासोबत सुधारित पावती आली.

असा माणूस ब्लॉगर होणं हा केवळ योगायोग. मुलीने अकोल्याहून जुना कॉम्प्युटर पाठवला आणि मास्तर एका बोटाने लिहायला लागले. विषय रोजच्या उपयोगाचे. फवारणीचा कोणता पंप पाठीला लागतो. रिसोडच्या स्टँडवर कोणत्या हॉटेलात पोह्यांवर शेव मोजून टाकतात. मंगल कार्यालयातल्या खुर्च्यांची परीक्षा त्यांनी प्रत्येक खुर्चीवर सगळी मंगलाष्टकं संपेपर्यंत बसून केली होती, आणि एक खुर्ची "सावधान"च्या आतच मोडली, हे तारखेसह लिहिलं होतं. वाचक वाढत गेले. इकडची जी मुलं पुण्याला कंपन्यांत आहेत, ती तर घरच्या फोनसारखी त्या ब्लॉगची वाट बघायची.

मग ब्लॉगवर जाहिराती सुरू झाल्या. हिशेब मी समजावून दिला: जाहिरात दिसली, कोणी तिच्यावर बोट लावलं, की थोडे पैसे जमा होतात, शंभर डॉलर भरले की खात्यात येतात. मास्तरांनी त्याच दिवशी ब्लॉगवर लिहिलं, "या पानावरच्या जाहिरातीवर कोणी बोट लावल्यास लेखकाला पैसे मिळतात. वाचकांना हे माहीत असावं."

त्यांच्या दृष्टीने ही कबुली होती. गावाने ती लग्नाची पत्रिका समजली.

मास्तरांनी एवढी वर्षं सगळ्यांचे आहेर वाचले, पण स्वतःच्या मुलीचं लग्न त्यांनी "आहेर आणू नये" छापून केलं होतं. गावाच्या मनात ते राहून गेलं होतं. आता वाट सापडली. बाजाराच्या दिवशी हॉटेलात माणसं चहा पिता पिता फोन काढायची. "म्या आज मास्तरले दहा देल्ले." "दहाच? माहे पंचवीस झाले, अन् मायच्या फोनवरून पाच." एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने प्रेमाने एका कर्जाच्या जाहिरातीवर इतकी बोटं लावली की त्याला महिनाभर मुंबईहून फोन येत राहिले. तो प्रत्येकाला सांगायचा, "कर्ज नोको बापा, ते आमच्या मास्तरचं होतं."

शंभर डॉलर भरायला थोडेच कमी असताना मेल आला. बनावट क्लिक आढळले, खातं बंद, पैसे मिळणार नाहीत. बोटं लावायला कोणी कोणाला सांगू नये आणि मालकाने स्वतःही लावू नये, हा नियम आम्ही नंतर वाचला.

लोक सांत्वनाला आले. एकजण पायरीवर बसून म्हणाला, "मास्तर, आमी तं पिरेमानं दाबलं."

"मले मालूम हाय ना बापा. पन तिकडे मशीन बसलं हाय. त्याले पिरेम कायचं समजते?"

एकदा अपील करता येत होतं. मास्तरांनी केलं. "क्लिक बनावट नाहीत, खऱ्या माणसांचे आहेत" हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी हॉटेलात बसून प्रत्येकाला विचारलं, आणि अपिलासोबत कोणी किती वेळा बोट लावलं त्याची नावनिशीवार यादी जोडली. मी म्हटलं, "मास्तर, हा गुन्ह्याचा पुरावा आपण स्वतः देतोय." ते म्हणाले, "पुरावाच तं मागून राह्यले ते." अपील फेटाळायला त्यांना फार वेळ लागला नाही.

जाहिराती गेल्या. मग उरलं ते पैसे घेऊन लेख लिहिणं. यालाही नियम आहे आणि तो मी मास्तरांना वाचून दाखवला: लेखासाठी पैसे, वस्तू, सूट, फुकट जेवण, काहीही घेतलं असेल, तर ते वाचकाला सांगायचं. त्याच्या भाषेत, स्पष्ट, सहज दिसेल असं. शेवटी कुठेतरी बारीक अक्षरांत लपवायचं नाही.

मास्तरांनी तो पुन्हा वाचायला लावला. मग हळूच म्हणाले, "भाऊ, हे तं आपलंच काम निंघालं."

पहिले पैसे रिसोडच्या मंडपवाल्याने दिले. लेखाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत आलं, "या लेखासाठी मंडपवाल्यांकडून रुपये पाचशे एक, रोख. सोबत चहा एक कप, साखर बेताची." मंडपवाला रागावेल असं मला वाटलं होतं. उलट त्याला लोक ओळखायला लागले. "काय साखर बेताची, मांडव हाय का मोकळा?" असे फोन त्याला यायला लागले. पुढे एका खानावळवाल्याने फुकट जेवू घातलं. त्याचं जाहीर झालं, "पोळ्या चार. भाजी एक. वरण दोनदा मागितलं, एकदा मिळालं." त्याने पुन्हा बोलावलं नाही.

आणि मग अकरा जानेवारीला गिरणी आली.

काकूंना ती किती हवी होती हे मला माहीत होतं, कारण जिना त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून जातो. गावातल्या गिरणीत डबा ठेवायचा, लाइन म्हणजे वीज गेली की परत यायचं, लाइन आली की पुन्हा जायचं. आधीच्या बाईची बाजरी आपल्या गव्हात उतरायची आणि पोळी करडी व्हायची. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा काकूंनी गिरणी मागितली होती. पैसे मुलीच्या लग्नात आणि माझ्या डोक्यावरच्या स्लॅबमध्ये गेले. त्यामुळे गिरणी सुरू झाली त्या दिवशी काकू तिच्यासमोर पाटावर बसून राहिल्या. पीठ पडताना नुसतं बघत. आठवडाभरात गल्लीतल्या बायका डबे घेऊन यायला लागल्या. काकूंनी भाव लावला, किलोला पाच रुपये.

मास्तरांनी गिरणीची रीतसर परीक्षा घेतली. गहू, ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ. लेखाचं नाव होतं "घरगुती गिरणी: दळते, पण बोलू देत नाही". गहू उत्तम. ज्वारी उत्तम. बाजरीला तापते. आवाज इतका की शेजारच्या म्हशीने दोन दिवस दूध चोरलं. हे सगळं खाली. वर, सगळ्यात आधी, आहेर:

"पुण्याच्या एजन्सीकडून, कंपनीच्या वतीने, पिठाची गिरणी एक नग, फुकट. खोक्यावरची किंमत एकवीस हजार पाचशे. कागदावरची किंमत एकोणीस हजार नऊशे. लेखकाची पत्नी गिरणीवर फार खूश आहे, म्हणून तिचं मत या लेखात घेतलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी पुण्याहून एजन्सीच्या मुलीचा फोन आला. मास्तर फोन स्पीकरवर ठेवूनच बोलतात. आत काकूंचं दळण चालू होतं.

"सर, आर्टिकल खूप छान झालंय. फक्त वरचा तो भाग... तो अगदी शेवटी घेऊ या का? आणि 'फुकट'ऐवजी 'कंपनीच्या सहकार्याने' असं?"

"कंपनीनं काय सहकार्य केलं, मॅडम? गहू निवडले?"

"नाही सर, तसं लिहायची पद्धत असते. सगळे शेवटीच टाकतात."

"आहेर मांडवात वाचतात, मॅडम. पाहुने घरी गेल्यावर कोनाले वाचून दाखवू?"

मुलीला हे कळलं नसावं. ती म्हणाली, "आणि त्या दोन किमती, सर. क्लायंटला त्याचा प्रॉब्लेम आहे."

"मले बी होता. म्हनून दोन्ही लिहिल्या."

मग ती जरा पडेल आवाजात म्हणाली, "सर, वरचा भाग काढला नाही तर क्लायंट गिरणी परत मागवतोय. मी काही करू शकत नाही."

आतली गिरणी बंद झाली. दळण संपलं नव्हतं.

काकू हाताला पीठ लागलेलं तसंच घेऊन दारात आल्या. "काय म्हने ते पोरगी?"

"वरचं काढा, नाही तं गिरणी वापस द्या."

"कितलं हाय वरचं?"

"चार वाक्यं."

"चार वाक्यापायी एकवीस हजाराची गिरणी?"

"कागदावर एकोणीस हजार नऊशे," मास्तर म्हणाले. म्हणायला नको होतं.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"अवं, लोकाइचे आहेर म्या माईकवर वाचले," मास्तर समजावायला लागले, "अन् माह्या घरी आला तं चोरून ठेवू?"

"चोरून ठेवा कोन म्हनते? हळू वाचा म्हनते ते."

मास्तरांनी लेख होता तसाच ठेवला.

त्या दिवसापासून काकूंनी मास्तरांसाठी गिरणी बंद केली. "फुकटच्या गिरनीचं पीठ तुमाले पचत नाही ना? मंग जा गावच्या गिरनीवर." मास्तर डबा डोक्यावर घेऊन गेले. लाइन गेली, परत आले, पुन्हा गेले. रात्री ताटात करडी पोळी आली. ती त्यांनी मुकाट्याने खाल्ली, पण मग खालून मला हाक मारली.

"भाऊ, नियमात कमीत कमी कितलं चालते?"

मी सांगितलं की लेखाच्या वर, ठळक, "जाहिरात" एवढा एक शब्द असला तरी वाचकाला कळतं. किमती, पोळ्या, साखर हे नियमात कुठेही नाही.

मास्तरांनी डोकं खाजवलं. माईकवरून नुसतं "आहेर आला" म्हणायचं आणि कोणाचा, किती, ते सांगायचं नाही, असं त्यांच्या लेखी ते होतं. शेवटी म्हणाले, "ठीक हाय. एक शब्द. तिच्यासाठी. पन वरच पायजे."

मीच पुण्याला फोन केला. मुलीला आनंद झाला. तिने क्लायंटला विचारलं. क्लायंटने कळवलं, वर एकही शब्द नको.

"मंग नाही," मास्तर म्हणाले. आणि काकूंना सांगायला स्वतः आत गेले. आतून एकच वाक्य ऐकू आलं, काकूंचं: "पुसून ठेवतो. घानेरडी नोको जायले."

ठरल्या दिवशी तोच टेम्पो, तोच ड्रायव्हर. गिरणी अंगणात, धुतलेल्या भांड्यासारखी लख्ख. मास्तर हात मागे बांधून उभे. ड्रायव्हर उचलायला वाकला, तेव्हा काकू म्हणाल्या, "थांब. हे आता जाईन कुठं?"

"वाशिमच्या डीलरकडे. वापरलेला माल हाय ना काकू, कमीत कोनाले तरी देऊन टाकतीन."

"कमीत म्हंजे कितलीत?"

ड्रायव्हरने डीलरला फोन लावून दिला. डीलर म्हणाला, पंधरा हजार.

काकूंनी फोन हातात घेतला. "पंधरा? बाजरीले तापते. आवाज इतला का शेजारची म्हैस दूध देत नाही. मी नाही म्हनत, इंटरनेटवर लिहून आलं हाय. वाचा तुमी. दोन किमतीचं बी लिहेल हाय. वाचून घ्या, मंग सांगा."

डीलरने वाचलं असावं. पाच मिनिटांनी तो साडेअकरावर आला.

काकू आत गेल्या आणि तांदळाच्या डब्यातून नोटा घेऊन आल्या. मास्तर बघतच राहिले.

"अवं, हे पैसे कोठचे?"

"भिशी लागली मले. दहा हजार. बाकीचे दळनाचे."

"अन् मले सांगतलं नाही?"

"सांगतलं असतं तं माईकवर गेलं असतं."

ड्रायव्हर इतका हसला की त्याला टेम्पोचा आधार घ्यावा लागला. मास्तरही हसले, पण थोड्या वेळाने.

संध्याकाळी त्यांनी लेखाचा वरचा भाग बदलला आणि काकूंना व मला बसवून वाचून दाखवला: "ही गिरणी आधी फुकट आली होती. कंपनीने परत मागितली. आता ती लेखकाच्या पत्नीने वापरलेला माल म्हणून साडेअकरा हजारांना, स्वतःच्या पैशांनी विकत घेतली आहे. लेखक तिच्यावर फुकट दळून घेतो."

"फुकट?" काकू म्हणाल्या. "कोन म्हनलं?"

"म्हंजे?"

"गिरनी माही हाय. लोकाइले पाच, तुमाले सहा."

"घरच्याले जास्त काहून?"

"घरचे उधारी ठेवतात."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. भाव लावायचा हक्क मालकाचा असतो, एवढंच मी सांगू शकलो. त्यांनी शेवटचं वाक्य खोडलं, दर लिहिला, आणि मग खिशात हात घातला.

माझी आता मंगरूळपीरला बदली झाली आहे, पण त्या दिवसाचा हिशेब पक्का आहे. डीलरला काकूंकडून अकरा हजार पाचशे, रोख, पावतीसह. ड्रायव्हरला दोन्ही खेपांचं भाडं एजन्सीकडून, त्याशिवाय चहा. काकूंना मास्तरांकडून आठ किलो गव्हाच्या दळणाचे, उधारी नको म्हणून आगाऊ, सहाच्या दराने, अठ्ठेचाळीस रुपये. मास्तरांनी पन्नासची नोट दिली. वरचे दोन रुपये काकूंनी परत केले नाहीत.